इंद्रभानची नाव आणि भुरीबाईचं पोतं

धरण झालं आणि आमची अर्धी शेतं पाण्यापलीकडं राहिली. रस्त्यानं गेलं तर दोन तास, इंद्रभानच्या नावेनं दहा मिनिटं. त्यामुळे आसेगावकडच्या या टापूत इंद्रभान म्हणजे तलाठ्याहून मोठा माणूस. दरवर्षी मृगाआधी तो नाव उपडी घालायचा, जुनं डांबर खरवडून काढायचा, फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेली सुतळी ठोकायचा आणि वरून राळ घातलेलं गरम डांबर फासायचा. मग चार दिवस नाव उन्हात. कुणी घाई केली की म्हणायचा, "मंग पोहून जा ना."

यंदा त्याचा खांदा धरला होता. खरवडायचा कंटाळा आला म्हणून वाशीमहून त्यानं सिलिकॉनच्या नळ्या आणल्या. न्हाणीघरातल्या फरशीच्या कडांना भरतात त्या. दुकानदारानं बजावलं होतं की डांबरावर हे धरत नाही, लाकूड साफ आणि कोरडं पाहिजे, शिवाय नावेचा माल वेगळा, तो मागवावा लागेल. इंद्रभाननं सगळं ऐकून घेतलं आणि हेच घेतलं. जुन्या डांबरावरच पांढऱ्या रेघा ओढल्या, दुसऱ्या सकाळी नाव पाण्यात. पेरणी तोंडावर होती. तगादा आम्हीच लावला होता, हेही खरं.

नावेत आम्ही सहा जण होतो. तांड्यावरची भुरीबाई सोयाबीनच्या बियाण्याचं पोतं घेऊन बसली होती, मांडीवर चार वर्षांची नात अंजू. मधोमध गेलो आणि पायाखाली पाणी आलं. मी मुळात घाबरट. "पोत्यानं बुडून राह्यली नाव! फेका ते!" असं मीच ओरडलो. पोतं फेकेपर्यंत नाव उलटली. इंद्रभाननं एकेकाला उलट्या नावेला धरायला लावलं आणि दोनदा बुडी मारून अंजूला वर काढलं. पोर निळी पडली होती, पण वाचली.

गावानं त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि भाषण अर्थातच माझं. मग भुरीबाई पुढं आली आणि त्याच्या पाया पडली. "दादा, माह्या पोत्यानं सगळे मेले असते." इंद्रभान नुसता खाली मान घालून उभा. मला वाटलं, काय नम्र माणूस आहे! माझी अक्कल तेवढीच.

पुढं चार महिने नाव काठावर पडून राहिली. खांद्याचं कारण सांगून इंद्रभान तिला हातच लावेना. आम्ही रस्त्यानं हेलपाटे घालत होतो आणि वाटभर भुरीबाईच्या पोत्याला शिव्या देत होतो.

दिवाळीच्या तोंडावर त्यानं मला काठावर बोलावलं. एका सांध्यातली पांढरी पट्टी चिमटीत धरून ओढली. हातभर सरळ निघून आली. खाली डांबर जसंच्या तसं.

"पोत्यानं नाही बुडाली," तो म्हणाला. "मले तवाच मालूम होतं. तवापासून भाकर गोड लागत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मंग मुकाट्यानं काहून बसला?"

"तू पोतं म्हटलं. मले लपाले जागा भेटली."



आम्ही दोघं तसेच तांड्यावर गेलो. भुरीबाई अंगणात सोयाबीन पाखडत होती. इंद्रभाननं हात जोडून सगळं सांगितलं. मग मी माझं सांगितलं. लाजेनं मान वर होत नव्हती. ती चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. तिनं सूप खाली ठेवलं.

"मले सांगून काय फायदा? माह्या सुनेले सांगा. चार महिने झाले, पोरगी माह्यापाशी देत नाही. बुढीनं लेकराले बुडवलं म्हणते."

सून अंजूला कडेवर घेऊन दारात आली. इंद्रभाननं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, खांदा, नळ्या, दुकानदार, काही गाळलं नाही. ऐकता ऐकता सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं अंजूला खाली उतरवलं. "जाय बेटा, आजीपाशी जाय."

भुरीबाईनं दोन्ही हात पुढं केले.

अंजू तिच्याकडं बघत राहिली. मग आईचा पदर घट्ट धरून म्हणाली, "नाही. आजी बुडवते."