शामकला मावशीची दुसरी साक्ष

शामकला मावशीचं बोट शिलाई मशीनच्या सुईत अडकलं होतं आणि ती ओरडत नव्हती.

मी दारातच थिजलो. दुपारचे बारा वाजले असतील. सुई नखातून आरपार गेलेली, शाळेच्या गणवेशाच्या निळ्या कापडावर रक्त वाळून काळं पडलेलं. म्हणजे बराच वेळ झाला होता. मावशी स्टुलावर बसून भिंतीकडे पाहत होती. मी हातानं चाक फिरवून सुई वर घेतली, तरी तिच्या तोंडून आवाज नाही.

"मावशी, हाक तरी मारायची! रिंकी कुठं आहे?"

"सून बाजारात गेली." मग म्हणाली, "दुखूनच नाही राहिलं, तर ओरडू कायले?"

ही तीच मावशी, जिची साक्ष ऐकायला लोक थांबून राहत. कुडव्यात पास्टर कैलाश यांच्या घरी आमची रविवारची प्रार्थना सभा भरते. प्रवचनानंतर ज्याला वाटेल त्यानं उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला, त्यामुळं माईक आणि रेकॉर्डिंग माझ्याकडं. मार्चमध्ये मावशीनं सांगितलं होतं, की नवरा वारल्यावर ती दोन वर्षं अंथरुणातून उठत नव्हती. मरावंसं वाटायचं. प्रभूनं तिला उठवलं, मशीनवर बसवलं. सभेतले ज्येष्ठ चुन्नीलाल काका मागून ओरडले होते, "हालेलुया! उदासीच्या गोळ्याबी सुटल्या!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या साक्षीचा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला, खाली संगीत टाकलं, वर लिहिलं, 'गोळ्यांपासून सुटका'. तो पार चिचगड, तिरोड्यापर्यंत फिरला.

मी बोटाला फडकं बांधत होतो, तेव्हा मावशी म्हणाली, "दुर्गेश, मी गोळ्या बंद केल्या."

"कधीपासून?"

"तू तो व्हिडिओ टाकला, तवापासून. लोकायचे फोन येत होते. बिनागोळीची बरी झालेली बाई तुम्हीच का? आता गोळी खाल्ली तं देवाचं नाव खराब होते, असं वाटलं मले."

"पण तू तर सभेत म्हणाली होतीस..."

"मी नाही म्हटलं, बाबू. काका म्हणाले."

घरी येऊन मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं. टाळ्यांच्या खाली मावशीचा आवाज होता, बारीक, पण स्पष्ट: "नाही नाही, सकाळची एक चालू हाय म्हणा." आवाज कमी आला म्हणून तेवढं वाक्य मीच कापलं होतं. पाच महिने ती माझ्या कापलेल्या वाक्याला खरं करत बसली होती. मी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ऐकण्याची हिंमत झाली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोट साफ केलं, गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि आम्हा दोघांनाही चांगलं झापलं. गोळ्या लगेच सुरू झाल्या. पण मावशीनं ठरवलं होतं, "लपूनछपून नाही खाणार. रविवारी सगळ्यायसमोर."

रविवारी माईक हातात घेऊन तिनं खरं ते सांगितलं. चुन्नीलाल काका उठले. "असं नोको बोलू, शामकला. लोक म्हणतीन, हिचा विश्वास कमी पडला."

"काका, तुमचा चष्मा उतरवा, आन् मग वचन वाचून दाखवा."

कोणीतरी हसलं. काका बसले. मावशीनं गोळी तळहातावर ठेवली, डोळे मिटले.

"प्रभू, आज मले काहीच वाटून नाही राहिलं. तुह्यावर प्रेम हाय का नाही, तेबी समजून नाही राहिलं. तरी आली. माह्यं मन सकाळी एक राह्यते, संध्याकाळी एक. तू तसा नाहीस, एवढं मले माहीत हाय. ह्या गोळीले गुण दे. आमेन."

अशी प्रार्थना मी जन्मात ऐकली नव्हती. मला वाटायचं, देवापुढं जाताना मन आधी नीट करून न्यायचं असतं. पास्टर कैलाश यांचा चेहरा उतरला होता. ते आत गेले, पेल्यात पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "तो व्हिडिओ मीही पुढं पाठवला, मावशी. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." तिनं सगळ्यांसमोर गोळी गिळली.

मी जुना व्हिडिओ काढून टाकला आणि नवा टाकला. संगीत नाही, काटछाट नाही. फारसे 'आमेन' आले नाहीत. एकानं तर, हे कायले टाकलं, असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी मी मावशीकडं बसलो होतो, तेव्हा देवरीकडून फोन आला. मावशीनं स्पीकर लावला. बाईनं नाव सांगितलं नाही, आमच्यात नमस्काराला म्हणतात ते 'जय मसीह की'सुद्धा म्हटलं नाही.

"बाई, ती गोळी जेवणाआधी घ्याची का नंतर? तुमचा पहिला व्हिडिओ पाहून मीबी बंद केली होती."

मावशीनं कात्री खाली ठेवली, फोन तोंडाजवळ नेला.

"ते सांगते. आधी हे सांग बाई, आत्ता घरी तुह्याजवळ कोणी हाय का?"