सुतकातली सतरंजी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं. शाळा चौथीपर्यंतच झाली. हे कुणाच्या हाती लागलंच तर सांभाळून घ्यावं.

नातवाला बघायला मी न्यूझीलंडला, अप्पर हट गावी मुलाकडे आले होते, तेव्हा तिकडे हे गेले. दिराने अग्नी दिला, तो आम्ही मोबाईलवर पाहिला. हॉस्पिटलचं बिलही दिरानेच भरलं होतं.

सुतकात गादीवर झोपत नाहीत, म्हणून मी खाली सतरंजी अंथरली. तेरावा झाला तरी उचलली नाही. मुलगा म्हणाला, "आई, इथली थंडी हाडात शिरते गं." मी म्हटलं, "काकांचे पैसे फिटेपर्यंत राहू दे." "मी आत्ता पाठवतो ना!" नको म्हटलं. आसपासच्या मराठी घरांना पोळ्या करून देऊ लागले आणि त्यातून थोडेथोडे पाठवू लागले.

आमच्याच रस्त्यावर एक म्हाताऱ्या नन राहतात, त्यांना सगळे सिस्टर म्हणतात. तरुणपणी आपल्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे मराठी बोलतात. मला चारचौघांत बोलायला होत नाही, पण त्यांच्याकडे गरम पोळी घेऊन जायचे. एकदा खुर्चीतून उठताना कळवळले.

"बाई, तुझे गुडघे आमच्या नन्ससारखे वाजतात. काय करतेस?"

मी सतरंजीचं सांगितलं. त्यांनी पोळी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, जुन्या काळी, शेकडो वर्षांपूर्वी, त्यांच्या मठांतल्या काही बायका बोकडाच्या केसांचा टोचरा सदरा आत घालायच्या. फळीवर झोपायच्या. गाठी मारलेल्या दोरीने स्वतःचीच पाठ फोडून घ्यायच्या.

"देवाला आवडायचं ते?"

"देवाला विचारतंय कोण!" सिस्टर हसल्या. "पण मठाच्या मुख्य बाईंना, मदरला, विचारावं लागायचं. आमच्याकडे एक गोष्ट सांगतात. एक पोरगी चोरून दगडावर झोपायची. मदरने तिला शिक्षा केली, मऊ गादीवर झोपायची."

"रडली असेल."

"खूप. दगडावर असताना रडली नव्हती."

हे गेल्यापासून मीही रडले नव्हते. पाठ दुखायची, त्यातच रात्र निघून जायची.

"तुला कुणी परवानगी दिली?" सिस्टरनी विचारलं. "कुणीच नाही," मी म्हटलं. "मग आज मी तुझी मदर. पैसे फिटतील त्या रात्री पलंगावर झोपायचं. कळलं?"

मी हो म्हटलं.

त्यानंतर मात्र माझे पैसे हळू जाऊ लागले. पोळ्या तेवढ्याच व्हायच्या, पण मी कधी नातवाला जंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घ्यायचे, कधी उगाच पीठ जास्त आणून ठेवायचे. शेवटचा हप्ता डब्यात तसाच पडून होता. पलंगावर दोन उशा आहेत. सुनेने सहजच ठेवलेल्या, पण मला त्या दोन बघवत नव्हत्या.

या आठवड्यात सिस्टरनी पोळी हातात घेतली आणि नुसतं बघितलं माझ्याकडे. घरी येऊन मी डबा मुलापुढे ठेवला. त्याने मोबाईलवरून पैसे पाठवले. मी सतरंजी झटकून घडी केली, कपाटात ठेवली आणि पलंगाच्या कडेला बसले.

थोड्या वेळाने दिराचा फोन आला.

"वहिनी, पोचले. आता काही राहिलं नाही. सगळे फिटले."