मशीन ठणठणीत आहे

टाके चुकायला लागले तेव्हा शिवणताईंनी आधी मशीनलाच बोल लावला. पट्टा बदलला, तेल घातलं, नवी सुई लावली. तरी शिवण अडखळतच राहिली. तीस वर्षं त्या एका खोलीत एकट्या राहून गल्लीभराचे कपडे शिवत आल्या होत्या. मशीनची घरघर थांबली की खोलीत दुसरा आवाज उरत नसे.

शेवटी त्यांनी मिस्त्रीकाकांना बोलावलं. काका वाकून बघत राहिले.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. तुमचा उजवा पाय कुठाय?"

"पायडलवर. आणखी कुठे असणार?"

"जमिनीवर आहे."

ताईंनी खाली पाहिलं. पाय जमिनीवर होता.

पाठ वर्षभर दुखत होती, पण शिवणाऱ्या बाईची पाठ दुखायचीच. स्वतःचे कपडे घोट्याखाली लोंबू लागले, तेव्हा कापड सैल पडलं असं समजून त्यांनी मुकाट्याने दुमड घातली होती. दवाखान्यात उंची दोन इंच कमी भरली.

"तुमची टेप ताणली गेलीय," त्या नर्सला म्हणाल्या.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मानेत तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक फुगली होती आणि हाडांमधलं कॅल्शियम ओढून घेत होती. पाठीचा एक मणका पोखरून तिथे गाठ झाली होती, ती मज्जारज्जू दाबत होती.

"कॅन्सर नाही. गाठ काढू, ग्रंथीही काढू. पायाला पुन्हा किती कळेल, ते मात्र आज सांगता येत नाही."

फॉर्मवर सही करायला काका आले. "नात्याच्या रकान्यात काय लिहू?"

"मशीन दुरुस्त करणारा. खोटं कशाला?"

काकांनी तेच लिहिलं.

दोन्ही ऑपरेशनं झाली. तिसरा आठवडा लागला तरी उजवं पाऊल परक्याचं असल्यासारखं पडून होतं. समोरच्या खाटेपाशी माणसांची ये-जा असे. ताई त्यांच्या कपड्यांच्या शिवणी बघत बसत.

एका दुपारी काका पिशवीतून मशीनचं लोखंडी पायडल घेऊन आले आणि ते खाटेच्या कडेला जमिनीवर ठेवलं. ताईंनी दोन्ही हातांनी पाऊल उचलून त्यावर टेकवलं. बराच वेळ काहीच झालं नाही.

"गार लागतंय," त्या म्हणाल्या.

"फरशी असेल."

"फरशीला जाळी नसते, काका."

काकांनी चष्मा पुसला. थोड्या वेळाने ते गेले. भेटीची वेळ संपली, समोरची माणसंही उठली. ताई पाऊल तसंच ठेवून पायाच्या अंगठ्याने जाळीचं एकेक भोक चाचपत राहिल्या.