दुसऱ्या खंडातला अजगर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, माझ्या प्रकाशकाला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते, कारण आता पोटात राहत नाही.

कार्यक्रमांत हमखास विचारतात — आवडते लेखक कोण, त्यांचा तुमच्या लिखाणावर काय परिणाम झाला? मी अशी खुलते म्हणता! अद्भुतकथा लिहिणाऱ्यांबद्दल बोलायला लागले की मला हात धरून थांबवावं लागतं. एकानं मला दाखवलं, की राक्षसालाही थंडी वाजते. दुसऱ्याकडून मी शिकले, की जादू फुकट मिळत नाही, काहीतरी घेऊनच जाते. टाळ्या पडतात. आणि एक गोष्ट मी गाळते — दरवेळी.

अकरावी-बारावीला मी लातूरला ट्यूशनसाठी हॉस्टेलात होते. शेजारच्या कॉटवर नसरीन, उमरीच्या बांगड्यांच्या दुकानदाराची मुलगी. दोघींना वेड एकच. गंजगोलाईजवळच्या रद्दीवाल्याकडे तिला एका परदेशी लेखकाच्या कादंबरीचा पहिला खंड सापडला होता. जाडजूड, मुखपृष्ठ फाटलेलं. फिजिक्सच्या पुस्तकाखाली लपवून आम्ही तो आळीपाळीनं वाचला. काय दिवस होते ते! उडती गावं, बोलणारे दरवाजे... वर्गात सर गणित सोडवत असायचे आणि आम्ही तिसऱ्याच मुलखात. पण दुसरा खंड? रद्दीवाल्याकडे नाही, वाचनालयात नाही. नसरीन नुसती तळमळायची.

आणि ती लिहायचीही, बरं का. माझ्यापेक्षा चांगलं. हे छोटंसं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

एप्रिलच्या अखेरीस मावसबहिणीच्या लग्नाला मी नांदेडला गेले. परत आल्यावर बोलून गेले — दुसरा खंड तिथं मिळाला, वाचूनही झाला. का खोटं बोलले? एखादी तरी गोष्ट तिच्याआधी माझ्याकडे असावी म्हणून. दुसरं काय!

आता ती सोडते होय? मला ओढत गच्चीवर घेऊन गेली. "सांग की गं, पुढं काय झालं? सगळं सांग, कायबी सोडू नको."

त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. गच्चीवरची टाकी कोरडीठाक, तिला टेकून आम्ही बसलेल्या. मी तोंड उघडलं, आणि ती रेल्वेच माझ्या गोष्टीत शिरली — तिचा अजगर झाला! लांबच्या नदीवर जाऊन पोटभर पाणी पिणारा, तहानलेल्या शहरात येऊन ते ओतणारा. पण एका घागरीमागे तो माणसाचा एक शब्द घ्यायचा. तो शब्द त्या माणसाला पुन्हा कधी सुचायचा नाही. नावं त्या लेखकाच्या वळणाची होती, वाक्यांची चाल त्याची होती. तहान मात्र आमची. मी हे करू शकते? हे सगळं माझ्यात कुठं होतं?

रोज संध्याकाळी थोडं थोडं सांगत गेले. नसरीन माझा दंड घट्ट धरून ऐकायची. "या अल्ला! तिकडं बसून ह्या माणसाला आपल्या लातूरचं कसं कळलं गं?"

इथं सांगता आलं असतं ना? हसत हसत, सहज?

गोष्ट संपली त्या संध्याकाळी तिनं माझा दंड सोडला. मग म्हणाली, "लई भारी. पन आता मी काय लिहू गं? आपल्या पान्याचंबी त्यानंच लिहून ठेवलंय. त्याच्यापुढं आपण कोण?"

त्यानंतर तिनं लिहिलं नाही. मी बघत होते. अगं वेडे, हे तुझ्या शेजारी झोपणाऱ्या पोरीनं रचलंय — एवढंच म्हणायचं होतं. ती उड्या मारत लिहायला बसली असती, हेही मला ठाऊक होतं. म्हणूनच मी बोलले नाही.

तोच अजगर माझ्या पहिल्या कादंबरीत आहे. वाचक त्याच्यावर फिदा आहेत. खरा दुसरा खंड मी मागच्या वर्षी वाचला, त्यात अजगर नाही, पाण्याचा थेंब नाही.

नसरीन आता हदगावला शाळेत शिकवते. कादंबरी वाचून तिचा फोन आला. "त्याचा अजगर तू मराठीत आणलास, बरं केलंस. मी कुनाला बोलनार न्हाई, काळजी नको करू." माझी चोरी झाकत होती ती — मी न केलेली. आणि मी म्हणाले, "हो गं, तेवढं सांभाळ."

लोक घाबरून गप्प बसतात, तसं माझं नव्हतं. नसरीन, आता मी काय लिहू असं तू म्हणालीस, त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता. मी जिना उतरून मेसमध्ये गेले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.