दहा नावांचं तिकीट

उद्या दुपारी बाराच्या आत दादा स्टेशनच्या खिडकीपाशी उभा असेल आणि मागे येणाऱ्या प्रत्येकाला ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणत राहील, हे चित्र संध्याकाळपासून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हातात एक कागद, कागदावर दहा नावं, आणि त्या दहांपैकी शेजारी एकही माणूस नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याच्या दुकानात, पडद्यामागच्या खोलीत काचा घासतो. बत्तीस वर्षं हेच काम. गिऱ्हाइकांना तो दिसत नाही, फक्त त्याच्या यंत्राची घरघर ऐकू येते. यंत्रावर दिवसभर पाण्याची बारीक धार पडत असते, त्यामुळे त्याच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. दुकानात त्याला कुणी नावाने ओळखत नाही. घरात मात्र त्याला पद आहे. मुलं त्याला ‘गटप्रमुख’ म्हणतात.

दहा जण एकाच गाडीने जाणार-येणार असतील तर भाड्यात तिसरा हिस्सा सूट मिळते, ही ओळ त्याला वेळापत्रकाच्या शेवटच्या पानावर सापडली होती. इतकी बारीक अक्षरं आमच्या घरात फक्त तोच वाचतो. एकच कागद, त्यावर सगळ्यांची नावं आणि वर गटप्रमुखाची सही. गाडीच्या तीन दिवस आधी दुपारी बारापर्यंत नावं बदलता येतात आणि पैसे भरता येतात. दहात एक जरी कमी पडला, तरी उरलेल्या सगळ्यांना पूर्ण भाडं.

आम्ही बरोबर दहा होतो. दादा आणि वहिनी, ताई आणि तिचे यजमान, धाकटा, त्याची बायको आणि दोन मुलं, मी आणि माझी लेक. मग काय, दरवर्षी सुट्टीत आमची वरात निघायची. कधी तलावाकाठी, कधी समुद्रावर. दहाचं जमलं नाही तर दादा कुटुंब तिकीट काढायचा. त्यात दोन मोठ्यांमागे तीन मुलं फुकट असत, म्हणून माझी लेक दोनदा धाकट्याच्या घरात गेली आणि तीनदा ताईच्या. “कागदावर मला तीन पोरं झाली,” ताईचे यजमान म्हणायचे, “आणि तिन्ही वेळा बारशाचं बोलावणं नाही.” थेट तिकिटापेक्षा जंक्शनपर्यंतचं एक आणि तिथून पुढचं एक अशी दोन तिकिटं स्वस्त पडतात, हेही दादानेच शोधलं. गाडी तीच, जागा तीच, उठायचंसुद्धा नाही. जंक्शन आलं की तो खिशातला एक कागद आत ठेवून दुसरा बाहेर काढायचा आणि आमच्याकडे असा बघायचा की जणू गाडी त्याने रूळ बदलून नेली.

मोजायचं काम वहिनींचं. प्रत्येक मोठ्या स्टेशनानंतर त्या दारापासून खिडकीपर्यंत यायच्या, एकेकाच्या खांद्याला बोट लावायच्या, आणि दहावं बोट स्वतःच्या छातीला. मगच डबे उघडायचे. झोपलेल्या माणसालाही त्या बोट लावायच्या. “अहो वहिनी, मी काय पळून जातोय?” धाकटा वैतागायचा. “तू नाही रे,” त्या म्हणायच्या, “पण तुझा भरवसा नाही.”

वहिनींना मूल नाही. मी नोकरीवर असायचे तेव्हा माझी लेक त्यांच्याकडेच वाढली. तिच्या शाळेची पहिली वेणी त्यांनी घातली, मी नाही.

चार वर्षांपूर्वी वहिनी विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग शब्द, मग घराची गल्ली. दादा त्यांना दुकानात घेऊन जायला लागला. मागच्या खोलीत स्टुलावर बसवायचा आणि रिकाम्या फ्रेम पुसायला द्यायचा. एका दुपारी त्यांनी चालू यंत्रात हात घातला. त्यानंतर दादाने सांभाळगृह शोधलं. परवडेल आणि जागाही असेल असं एकच निघालं, गाडीने आठ तासांवर.

तो महिन्यातून एकदा जातो. एकट्याला सवलत नसते, म्हणून बसून, रखडत जाणाऱ्या गाडीने. तिथे एक लांब व्हरांडा आहे. एका बाजूला खिडक्यांची रांग, समोर खुर्च्यांची. वहिनींना ती गाडी वाटते. आपली माणसं अजून चढलेली नाहीत, म्हणून त्या आडव्या होत नाहीत. छातीला बोट लावून ‘एक’ म्हणतात आणि दाराकडे बघत राहतात. दादा समोर उभा राहिला की अदबीने सांगतात, “साहेब, आमचं तिकीट आमच्या यांच्याकडे आहे. दहा जण आहोत. येतीलच ते.”

“आणि तू काय म्हणतोस?” मी विचारलं होतं.

“काय म्हणणार? म्हटलं, सावकाश येऊ देत. गाडी थांबलीय.” तो हसला, आणि मग किती तरी वेळ चष्मा पुसत बसला. दिवसभर दुसऱ्यांच्या काचा लख्ख करणारा माणूस, त्याला स्वतःची काच काही केल्या साफ होईना.

मागच्या महिन्यात तिथल्या नर्सबाईंनी त्याला सांगितलं, जेवण फार कमी झालंय, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. दादाने त्याच दिवशी दहांच्या तिकिटाचा अर्ज आणला. त्याच्या मनाने एकच गोष्ट घेतली होती. सगळे एकदम समोर उभे राहिले, वहिनींनी खांद्याला बोट लावत मोजलं आणि मोजदाद पुरी झाली, तर त्या निवांत झोपतील. ओळखणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. नुसतं मोजू देत, एवढंच त्याचं म्हणणं. पण वहिनी सोडून आम्ही नऊच. सवलतीसाठी दहावं माणूस हवं, म्हणून त्याने चक्क दुकानाच्या मालकांना गळ घातली. “मला काय,” मालक म्हणाले, “दुकानात बसून तरी कोण मला मोजतंय?”

शनिवार दुपारची गाडी ठरली. दहा नावं भरली. आणि मागच्या आठवड्यात मी फोन केला.

“दादा, पोरीची परीक्षा आली रे.”

“कधी?”

“सोमवारी.”

यंत्राची घरघर थांबली. “मग राहू दे,” तो म्हणाला. “परीक्षा आधी.” दहाचे आठ होतात, भाडं वाढतं, यातलं अवाक्षर तो बोलला नाही. हिशेब मांडला असता तर मी भांडले तरी असते.

परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

का खोटं बोलले, ते आज लिहिते आहे. ज्या बाईने माझ्या पोरीची वेणी घातली, ती तिला ‘तू कोणाची गं’ विचारेल आणि माझी पोर तिथेच ढासळेल, याची मला भीती वाटली. तिला साधा ताप आला तरी मी रात्रभर तिच्या कपाळावरचा हात काढत नाही. ती सोळाची झाली तरी प्रत्येक वाईट दारावर मी आधी आडवी उभी राहते. हे दारही मी तसंच लावून घेतलं.

मग सगळं भराभर उसवत गेलं. ताई म्हणाली, पूर्ण भाड्यात दोघांनी जाण्यापेक्षा पुढच्या महिन्यात बघू. धाकटा म्हणाला, चौघांचं आम्हाला जड जातंय. मालक म्हणाले, तुमच्या घरचेच नाहीत तर मी कुठे मिरवू? परवा दादाने सगळ्यांना कळवलं, रद्द केलंय, काळजी करू नका.

आज दुपारी लेक चष्म्याचा स्क्रू बसवायला दुकानात गेली होती. घरी आली ती चप्पलही न काढता स्वयंपाकघरात.

“आई, माझी परीक्षा सोमवारी आहे का?”

मी गॅस बारीक केला.

“मामाने विचारलं, अभ्यास कसा चाललाय. मी म्हटलं, अजून वेळ आहे, पुढच्या महिन्यात आहे. तो नुसता ‘बरं’ म्हणाला आणि स्क्रू पिळत राहिला. माझी काडी इतकी घट्ट केली की आता मिटतच नाही.”

“आणखी काही म्हणाला?”

“नाही. त्याच्या काचांच्या ट्रेखाली तो कागद आहे. दहाच्या दहा नावं आहेत, एकही खोडलेलं नाही. त्याने रद्द केलेलं नाही, आई. उद्यापर्यंत थांबलाय.” दारातून जाताना ती म्हणाली, “तुला जायचं नव्हतं तर तुझं नाव सांगायचंस. माझं कशाला सांगितलंस?”

मी गॅस पुन्हा मोठा केला.

दिवेलागणीला सांभाळगृहातून फोन आला. दादा फोन उचलत नाहीत, आणि कागदावर दुसरा नंबर तुमचा आहे, नर्सबाई म्हणाल्या. “त्यांना सांगाल का? कालपासून बाई मोजत नाहीत. छातीला बोट लावत नाहीत, दाराकडे बघत नाहीत. झोपून असतात.”

“झोप लागते ना?” मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं.

“झोप नाही म्हणता येणार,” त्या म्हणाल्या. “यायचं असेल तर आठवड्याच्या आत या.”

म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी दादाने हा सगळा घाट घातला, ती आता होणारच नाही. आम्ही दहा गेलो काय, शंभर गेलो काय. मागच्या आठवड्यात मी ‘येते’ एवढं म्हटलं असतं तरीही शनिवारपर्यंत हे असंच झालं असतं, असं मी मनाला चार तास समजावते आहे. मन ऐकत नाही. दादाला कळवण्याचं मी टाळते आहे. त्याला अजून एवढंच वाटतंय की माणसं कमी पडताहेत. मोजणारीच उरली नाही, हे त्याला माहीत नाही.

लेकीच्या खोलीत दिवा चालू होता. मी दारात जाऊन नर्सबाईंचा निरोप सांगितला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. “मी येणार,” ती म्हणाली. “तू आलीस तर आलीस.” ढासळली वगैरे नाही. फक्त माझ्याकडे वळली नाही.

ताई आणि धाकट्याला सकाळी विचारीन. येतील असं वाटत नाही. आम्ही तिघंच गेलो तर सवलत नाही, बसायला जागा मिळेलच असंही नाही. दादा म्हणेल, कशाला एवढा खर्च, आता काय उपयोग.

पण त्याने उद्या त्या खिडकीवर एकट्याने उभं राहू नये. संध्याकाळी दुकानातल्या गर्दीत त्याने फोन उचलला नसेल, पण आता घरी तो जागाच असणार, पहिल्या घंटीलाच उचलेल. आधी परीक्षेचं सांगते. मग आमची दोन नावं खोडू नकोस म्हणते. वहिनींचं त्यानंतर सांगते, आणि तो ठेवत नाही तोवर फोन ठेवत नाही.

लावते त्याला.