तीनच नावांची नोंदवही

नोंदवहीत माणसं आत येत होती. बाहेर कुणीच गेलं नव्हतं.

"काकू, जाण्याची तारीख कुठेच कशी नाही?" मी विचारलं.

"गेलं कोण?" त्या म्हणाल्या आणि जेवणाची पानं घ्यायला आत गेल्या.

नामपल्ली स्टेशनमागच्या गल्लीतलं काकूंचं घर. मी तेव्हा नगरपालिकेत लायसन्स इन्स्पेक्टर होतो. हैदराबाद राज्याचे नुकतेच तीन तुकडे झाले होते. मराठी नोकरदार बदलीवर मुंबई राज्यात चालले होते आणि कर्नूलहून आंध्रचं सरकार इकडे येत होतं. आलेल्या कारकुनांना राहायला जागा नव्हती, म्हणून घरोघरी खोल्या आठवड्याच्या भाड्याने निघाल्या.

नियम सोपा होता. भाड्याने पाहुणे ठेवले, तर लायसन्स हवं, नोंदवही हवी, आणि घरपट्टी धंद्याच्या दराने. घरचीच माणसं राहत असतील, तर यातलं काहीच नको.

शेजाऱ्यांनी तक्रारीचा अर्ज दिला होता. काकूंचे तिन्ही मुलगे बदलीवर औरंगाबादला गेले, आणि आता घरात सारखी नवी माणसं दिसतात. आमचे सुपरिंटेंडेंट म्हणाले, "घर है कि सराय, इत्ताच लिखके लाव."

म्हणून रविवारी दुपारी मी गेलो. नोंदवहीत नावं होती मधुकर, दत्तात्रय, अनंत. नातं, मुलगा. पान उलटलं. नवी तारीख, तीच तीन नावं. त्याच्या मागच्या पानावरही तीच. माणसं बदलत होती, नावं नाही.

घरपट्टी चुकवायची युक्ती, असं मला वाटलं. मी माजघरात गेलो.

काठावर नावं कोरलेली तीन पितळी ताटं मांडली होती. दोघं जेवायला बसले होते. काकू म्हणाल्या, "दत्ता, मीठ घे." त्यातल्या एकाने मान वर न करता मीठ घेतलं.

मी त्याला तेलुगूत नाव विचारलं. त्याने तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं, मग खिशातून बदलीची ऑर्डर काढली. ती वाचून म्हणाला, "सुब्बाराव." येऊन तीन आठवडे झाले होते. मराठी कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाला, "इथंच की." तो हेल थेट काकूंचा होता.

तिसरं ताट रिकामं होतं. अनंताची खोली आजच मोकळी झाली, असं काकूंनी सांगितलं. मी ड्यूटीवर आहे, जेवणार नाही म्हणालो. हात कधी धुतले ते आठवत नाही, पण मी त्या ताटावर बसलो होतो.

वाढता वाढता काकू शांतपणे म्हणाल्या, "माझे तिघं सरकारनं नेले. त्यांच्या बदल्यात हे पाठवले. मग नात्यापुढे काय लिहू?"

मी भाताला हात घातला.

जेवून नोंदवहीपाशी आलो. शाई अजून ओली होती. आजची तारीख, अनंत, मुलगा. मी हात धुवत असताना काकूंनी लिहिलं असणार.

मी ती ओळ खोडली. दोघांना खरी नावं विचारून ती काकूंकडून लिहून घेतली, लायसन्सच्या अर्जावर सही घेतली. मग काकूंनी विचारलं, "आणि तुझं काय लिहू?"

"मी इथं राहत नाही, काकू."

"आधी सगळे असंच म्हणतात."

मी जवळजवळ पळतच गल्लीबाहेर आलो. रिपोर्टात 'सराय' लिहिलं. लायसन्स निघालं, पट्टी वाढली.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणीला गेलो. नोंदवही चोख होती. खरी नावं, येण्याच्या तारखा, जाण्याच्या तारखा. कुणीच आठवड्याच्या वर राहिलेलं नव्हतं. पाहुण्यांना पत्रावळी मांडल्या होत्या. काकूंनी मला बसायला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "बघा साहेब, काही चुकलंय का?"

काहीच चुकलं नव्हतं. मी सही करून निघालो.

पुढे बरीच वर्षं तपासण्या केल्या. जेवणाच्या वेळेला मात्र कुणाच्या घरी गेलो नाही.