मिस्टरांचे डोळे आणि माझं वाचन

"उजव्या डोळ्यात आत रक्त उतरलंय आणि पडदा ओढला गेलाय. ऑपरेशन करावं लागेल. डावा डोळा अजून हातात आहे, तो वाचवू या."

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हे शांतपणे सांगितलं. माझे मिस्टर मल्लिनाथ समोरच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मला वाचता येईल का?"

"बारीक अक्षराचं आत्ता सांगता येत नाही," बाई म्हणाल्या.

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीत आमचं खत-औषधांचं दुकान आहे. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचून शेतकऱ्याला समजावणं, हेच त्यांचं रोजचं काम. परवाना पुढं चालू राहावा म्हणून दुकानदारांसाठीचा वर्षभराचा शेतीचा अभ्यासक्रमही त्यांनी घेतला होता. दुकान उघडायच्या आधी रोज तासभर पुस्तक घेऊन बसायचे. अभ्यासक्रम अर्ध्यावर आला होता.

आजाराचं नाव डायबेटिक रेटिनोपॅथी. म्हणजे साखरेमुळं डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या खराब होतात. मग नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यातून रक्त झिरपतं. दुखत काहीच नाही. आठ-दहा दिवस यांना डोळ्यापुढं काळे धागे तरंगताना दिसत होते. "चष्म्याचा नंबर वाढला असंल," म्हणून ते गप्प राहिले. मग एका सकाळी दुकानाचं कुलूप काढताना उजवीकडचं सगळं तांबूस काळं झालं. तुमच्या घरात कुणी असे धागे दिसतात म्हणालं, तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. सरळ डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

पहिला दिवस तपासण्यांत गेला. बाहुली मोठी करायचे थेंब, मग तासभर बाकावर बसणं. उजव्या डोळ्याची सोनोग्राफी. डाव्याची ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. रक्ताची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली साखर सरासरी किती होती ते. तो आकडा बघून डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टोमी म्हणतात. डोळ्याच्या आतला रक्ताळलेला गर काढतात, पडदा सरळ करतात आणि तो जागेवर दाबून धरायला आत गॅसचा बुडबुडा सोडतात. खरी परीक्षा त्यानंतरची. बुडबुडा पडद्यावर टेकावा म्हणून पेशंटनं दिवसरात्र तोंड खाली करून राहायचं. आम्हाला दहा दिवस सांगितले होते. दुकान बंद ठेवून आम्ही सोलापुरात माझ्या नणंदेकडं राहिलो.

तोंड खाली घातलेल्या माणसाशी किती बोलणार? तिसऱ्या दिवशी ते कॉटवरून खाली बघत म्हणाले, "माझं पुस्तक आण. तू वाच."

माझं माहेर कर्नाटकातलं. दहावी कन्नडमधून झालेली. घरात आम्ही कन्नडच बोलतो. गिऱ्हाइकांशी मी मराठी बोलत होते, पण वाचायचं म्हटलं की अक्षर अक्षर जुळवावं लागायचं. मी कॉटशेजारी फरशीवर बसले, म्हणजे आवाज त्यांच्या कानापर्यंत जाईल. 'स्फुरद', म्हणजे फॉस्फरस, या शब्दावर मी चार वेळा अडले. पाचव्यांदा मी वेगळंच काहीतरी म्हणाले, आणि ते हसले. निदान झाल्यापासून पहिल्यांदा.

"हसू नका, डोकं हलतंय," मी म्हणाले.

"मुंद ओदु," ते म्हणाले. म्हणजे पुढं वाच.

पण घरी परतल्यावर त्यांचा धीर सुटला. माझं अडखळत वाचणं ऐकलं की चिडायचे. "सोड. तुला न्हाय जमायचं ते." मीही सोडलं. गल्ल्यावर ते बसायचे, माल मी काढून द्यायचे.

एक दिवस ओळखीचा शेतकरी आला. तुरीला अळी पडली होती. मी फळीवरून बाटली उचलून पिशवीत घातली.

"नाव वाच," ते म्हणाले.

मी पहिली तीन अक्षरं वाचली.

"पूर्ण वाच. खालची ओळ बी वाच."

खालच्या ओळीत लिहिलं होतं, तणनाशक. रंग आणि झाकण अळीच्या औषधासारखंच होतं. ते फवारलं असतं तर उभी तूर करपली असती. मी ती बाटली परत फळीवर ठेवली. शेतकरी म्हणाला, "ऱ्हाऊ द्या वैनी, हुतंय." पण मला ते पुरेसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर बसले. "चिडायचं तर चिडा, मी उठणार नाही," असं सांगून वाचायला लागले.

पुढं एकही सकाळ चुकवली नाही. पाव पानावरून मी दोन पानांवर आले. मग दिसेल ते वाचायला लागले. बाटल्यांवरचे कागद, बियाण्याच्या पिशव्या, दवाखान्याची फाइल. त्या फाइलमध्येच दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य शिबिरातली चिठ्ठी सापडली. 'साखर आहे. दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा.'

मला रडू आलं. मला वाचता येत असतं तर, असं मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली. मग म्हणाले, "मी वाचलं हुतं ते. त्याच दिवशी. घडी घालून ठिवलं."

रोज तासभर वाचणारा माणूस. त्या दिवसापासून मी एक नियम घातला. सकाळी जे वाचू, त्यातलं एक तरी त्याच दिवशी करायचं. पथ्याबद्दल वाचलं की ताटात बदल. साठवणीबद्दल वाचलं की तणनाशकं वेगळ्या फळीवर.

दुकानदारांच्या अभ्यासक्रमाच्या पुढच्या तुकडीत मी माझं नाव घातलं. दर रविवारी सोलापूरला वर्ग. सगळ्या वर्गात मी एकटी बाई आणि माझ्या मराठीला कन्नड वास. रविवारी ऐकलेलं सोमवारी मी यांना वाचून दाखवायचे आणि ते प्रश्न विचारायचे. त्यांच्याएवढे अवघड प्रश्न तोंडी परीक्षेतही कुणी विचारले नाहीत. मी पास झाले. परवाना आता माझ्या नावावर आहे.

उजव्या डोळ्याला माणसाची आकृती दिसते, तेवढीच. डाव्याला तीन वेळा लेझर केलं, म्हणजे किरणांनी नाजूक वाहिन्या बंद केल्या. त्या डोळ्यानं दुकानांच्या पाट्या वाचता येतात, पुस्तक नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी असते, ती आम्ही चुकवत नाही. डॉक्टरबाईंनी खोटी आशा दाखवली नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

अभ्यासक्रमाची पुस्तकं संपल्यावर मी कन्नड पुस्तकं काढली. ती मी यांना सरसर वाचून दाखवते. यांचं शिक्षण मराठीतलं. जन्मभर कन्नड बोलले, पण लिपी कधी शिकले नाहीत. परवा एक धडा संपल्यावर ते म्हणाले, "डोळे चांगले हुते, तवा बी ही पुस्तकं मला बंदच हुती की."

मी पान उलटलं.